थर कोसळल्याच्या रात्रीचं मेमरी कार्ड

लालबागच्या एका गोविंदा पथकाचं हे प्रकरण. पथकाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. तांत्रिक तपशील मात्र सविस्तर देतोय, कारण ॲक्शन कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिलीट झालेला व्हिडिओ परत मिळवताना लोक जिथे जिथे अडतात, ती सगळी ठिकाणं या एकाच कार्डात भेटली.

सरावाची रीत नेहमीची. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो, मग रोज रात्री पोरं कामावरून येऊन जेवली की चाळीच्या पटांगणात थर लागतात. समोरच्या गॅलरीच्या कठड्याला क्लॅम्प लावून एक गोप्रो बसवलेला असतो. कार्ड ३२ जीबीचं, मोड ४के, सेकंदाला ३० फ्रेम. तासभर सलग रेकॉर्डिंग केलं तर बॅटरी पुरत नाही आणि कॅमेराही तापतो, म्हणून बॅटरी काढून ठेवायची आणि नुसत्या पॉवर बँकेवर चालवायचं. ही युक्ती बरेच जण वापरतात आणि ती चांगलीही आहे, फक्त वायर निघाली की कॅमेऱ्याला चालू फाइल नीट बंद करायलाही वेळ मिळत नाही.

दहीहंडी जवळ आलेली. एका रात्री सातवा थर चढत होता, एक्का, म्हणजे सगळ्यात वर चढणारा, अजून सरळ उभाही राहिला नव्हता आणि मनोरा डाव्या अंगाला कलून खाली आला. एकाचं मनगट मोडलं, बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. गॅलरीत बघत असलेले लोक खाली धावले, कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि कॅमेरा बंद पडला. खापर फुटलं ते तिसऱ्या थरावरच्या एका पोरावर: याचाच गुडघा वाकला. पोरगा सांगत होता, माझ्या पायाखालचा खांदाच गेला. प्रशिक्षकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी फर्मान काढलं की उद्या व्हिडिओ बघू, तोवर कुणी कुणाला बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ नव्हता. कॅमेरा ज्याचा, त्याच्या धाकट्या भावानं सकाळीच तो उचलला होता. चालू करताच पडद्यावर अर्धवट फाइलीच्या दुरुस्तीची सूचना आली, ती त्यानं टाळली. कार्ड भरत आलेलं दिसलं म्हणून सगळं डिलीट केलं आणि मरीन ड्राइव्हवर जाऊन भरतीच्या लाटा टिपल्या. साडेसहा मिनिटं.

थोरल्यानं कार्ड घाईघाईनं एका दुकानात दिलं. तिथून पेन ड्राइव्हवर पाच फाइली मिळाल्या. नावं बरोबर, आकारही बरोबर, प्रत्येकी जवळजवळ ४ जीबी. उघडली की एक तर काळा पडदा, नाही तर एखाद सेकंद चित्र आणि मग हिरव्या-जांभळ्या चौकटी. दुकानदाराचा निकाल असा की कार्ड करप्ट आहे, आता काही होणार नाही. माझ्याकडे आल्यावर थोरल्याचा पहिला प्रश्न होता, “दादा, नावं आली, साइज आली, मग व्हिडिओच का येत नाही?” सगळं प्रकरण या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

कार्ड हातात आल्यावर

मायक्रोएसडी कार्डाला स्वतःचं कुलूप नसतं. ते मोठ्या ॲडॉप्टरमध्ये घालायचं आणि ॲडॉप्टरच्या डाव्या कडेची बारीक पट्टी खाली सरकवायची. ही पट्टी निव्वळ यांत्रिक असते. कार्डाला तिचा पत्ताही नसतो. ती कुठे आहे हे रीडर बघतो आणि लिहायचं की नाही ते ठरवतो. काही स्वस्त रीडर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, म्हणून लिनक्समध्येही ते डिव्हाइस केवळ वाचनासाठी आहे असं वेगळं बजावून ठेवलं.

मग डीडीरेस्क्यू या साधनानं संपूर्ण कार्डाची पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे साठवणुकीच्या अगदी लहान तुकड्यापासून, शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी प्रत काढली. एकही खराब सेक्टर नाही. म्हणजे कार्ड तंदुरुस्त होतं. ही प्रत, म्हणजे इमेज, काढून झाल्यावर कार्ड पाकिटात गेलं आणि पुढचं सगळं काम इमेजच्या प्रतीवर झालं. ही पायरी वगळून थेट कार्डावर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवणारे पाहिले की मला राग येतो. एक चुकीचं बटण, आणि सापडलेली फाइल त्याच कार्डावर लिहिली गेली की तिच्याखाली दुसरी गाडली जाते.

इमेजच्या मुळाशी ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा फोल्डर दिसला. तो कॅमेरा बनवत नाही. विंडोजच्या संगणकात कार्ड उघडं लावलं की विंडोज तो आपणहून तयार करतं. तारीख दुकानात दिल्याच्या दिवसाची होती. म्हणजे दुकानात कार्ड लिहिण्यापासून न वाचवता लावलं गेलं होतं. इथे नुकसान नगण्य झालं, दोन-चार क्लस्टर, म्हणजे कार्डावरच्या जागेचे ठरावीक आकाराचे छोटे तुकडे, गेले. पण हे असंच चालतं. अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड घातलं तरी तो स्वतःचे फोल्डर करून ठेवतो, मॅकही करतो. डिलीट झालेलं कार्ड ‘जरा बघूया’ म्हणून मोबाइलमध्ये घालण्याइतकी वाईट कल्पना नाही.

नावं का आली

३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीची असतात, त्यापुढची एक्सफॅट. फॅट३२ मध्ये फाइलीची नोंद दोन ठिकाणी असते. डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या यादीत, नाव, आकार आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक. आणि फॅट नावाच्या तक्त्यात साखळी: या क्लस्टरनंतर कुठला, त्यानंतर कुठला. या कार्डावर एक क्लस्टर ३२ केबीचा होता. फाइल डिलीट केली की नावाचं पहिलं अक्षर पुसून तिथे एक खूण टाकली जाते आणि तक्त्यातली साखळी शून्य केली जाते. खुद्द व्हिडिओला कुणी हात लावत नाही.

गोप्रोच्या नावांची पद्धत इथे कामी येते. ‘जीएक्स’ने सुरू होणारी फाइल एचईव्हीसी कोडेकची (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), ‘जीएच’ची एव्हीसीची. पुढचे दोन अंक प्रकरणाचे आणि शेवटचे चार रेकॉर्डिंगचे. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगचे कॅमेरा तुकडे करतो, आणि हे तुकडे म्हणजे प्रकरणं. सेकंदाला ६० मेगाबिटच्या हिशेबानं एक प्रकरण साडेनऊ मिनिटांच्या आसपास भरतं. डिरेक्टरीत ही नावं पहिलं ‘जी’ गेलेल्या अवस्थेत पडून होती. बाकी सात अक्षरं शाबूत असताना आठवं ओळखायला डोकं लागत नाही. म्हणून कुठलंही फुकट सॉफ्टवेअर नाव, आकार आणि सुरुवातीचा क्लस्टर लगेच दाखवतं. साखळी मात्र त्याला कुठूनच मिळत नाही, मग ते पहिल्या क्लस्टरपासून सलग ४ जीबी उचलतं आणि ‘रिकव्हर्ड’ म्हणून हातात ठेवतं.

साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोंना हे बहुधा लागू पडतं. ॲक्शन कॅमेऱ्याला पडत नाही.

कारण हा कॅमेरा एका वेळी दोन व्हिडिओ लिहीत असतो. एक मूळ ४के आणि दुसरा एलआरव्ही, म्हणजे त्याच दृश्याचा कमी रिझोल्यूशनचा लहानसा व्हिडिओ, मोबाइल ॲपवर चटकन दिसावा म्हणून. दोन्हींचा डेटा एकाच वेळी येत राहतो आणि कॅमेरा तो मिळेल त्या पुढच्या रिकाम्या क्लस्टरमध्ये टाकत जातो. मूळ फाइलीचा लांब पट्टा, मग एलआरव्हीचा आखूड, पुन्हा मूळ, पुन्हा एलआरव्ही. वेणीच्या पेडांसारख्या दोन्ही फाइली कार्डभर एकमेकींत गुंफलेल्या असतात. सलग ४ जीबी उचलले की मूळ व्हिडिओत जागोजागी एलआरव्हीचे पट्टे घुसतात आणि शेवटचा भाग बाहेरच राहतो.

तो शेवटचा भागच सगळ्यात मोलाचा. या कॅमेऱ्याच्या एमपी४ फाइलीच्या सुरुवातीला फक्त ओळख असते, मग व्हिडिओ आणि आवाजाचा प्रचंड गठ्ठा, आणि अगदी शेवटी ‘मूव्ह’ नावाची अनुक्रमणिका. कुठली फ्रेम फाइलीत कितव्या बाइटला सुरू होते, किती लांब आहे, कुठल्या कोडेकनं उलगडायची, हे सगळं तिथे. रेकॉर्डिंग थांबेपर्यंत कॅमेऱ्याला हे आकडे माहीतच नसतात, म्हणून ती शेवटी लिहिली जाते. दुकानातून आलेल्या पाचही फाइलींना शेपूट नव्हतं. फोटोरेकसारखी साधनं डिरेक्टरी सोडून थेट फाइलीच्या सुरुवातीची खूण शोधतात, पण तीही पुढचा डेटा सलग आहे असंच धरून चालतात. त्यात एलआरव्ही ही फाइल आतून एमपी४च असते, फक्त एक्स्टेन्शन वेगळं, त्यामुळे गोंधळात भरच पडते.

पेड सोडवताना

मरीन ड्राइव्हच्या लाटांनी इथे दोन्ही बाजूंनी काम केलं. ते साडेसहा मिनिटांचं रेकॉर्डिंग कार्डाच्या सुरुवातीपासून लिहिलं गेलं होतं आणि त्यानं जवळजवळ ३ जीबी जागा खाल्ली होती. म्हणजे सरावाच्या पहिल्या प्रकरणातला दोन-तृतीयांश भाग कायमचा गेला. फ्लॅश कार्डावर एकदा वर लिहिलं गेलं की खालचं वाचून देणारं कुठलंही सॉफ्टवेअर नाही, कुणी कितीही दावा करो. पण हे रेकॉर्डिंग डिलीट झालेलं नव्हतं. त्याची साखळी तक्त्यात जिवंत होती. तीवरून हा कॅमेरा, या मोडमध्ये, मूळ फाइलीचे किती क्लस्टर लिहिल्यावर एलआरव्हीकडे वळतो, हे स्पष्ट दिसलं. पट्टे अगदी समान नव्हते, पण ठरावीक मर्यादेत खालीवर होत होते. शोधायचं कुठे, हे कळलं.

मग इमेजभर ‘मूव्ह’चा शोध. प्रत्येक प्रकरणामागे दोन सापडल्या, एक मूळची, एक एलआरव्हीची. एकीत एचईव्हीसीची खूण, दुसरीत एव्हीसीची, त्यामुळे वेगळं करायला त्रास नाही. पहिल्या पाच प्रकरणांच्या अनुक्रमणिका मिळाल्यावर काम कष्टाचं राहिलं, कठीण नाही. मूळ व्हिडिओची एक फ्रेम सरासरी अडीचशे केबी, म्हणजे आठेक क्लस्टर. प्रत्येक फ्रेमच्या आरंभी चार बाइटमध्ये पुढच्या तुकड्याची लांबी लिहिलेली असते. अनुक्रमणिका म्हणते त्या जागी ही लांबी पटणारी सापडली तर आपण अजून बरोबर पेडावर आहोत. नाही पटली, तर मध्ये परका पट्टा आला. मग एकेक क्लस्टर पुढे सरकून, कुठे पुन्हा जुळतं ते बघायचं आणि मधलं बाजूला काढायचं.

खात्रीसाठी आणखी एक आधार मिळतो. गोप्रो व्हिडिओसोबत सेन्सरची नोंदही लिहितो: कॅमेऱ्याची हालचाल, कलणं वगैरे. ही नोंद साधारण दर सेकंदाला येते आणि प्रत्येक नोंदीच्या तोंडी ‘डी-ई-व्ही-सी’ ही चार अक्षरं असतात. आत नमुन्यांची चढती मोजणी असते. दोन नोंदींमधली मोजणी सलग वाढली असेल तर मधला सेकंद पूर्ण आहे. पेड चुकला की ही मोजणी लगेच बोंब मारते. या कामासाठी एक लहानशी पायथन स्क्रिप्ट लिहिली. ती रात्रभर चालू ठेवली, सकाळी अडलेल्या जागा हातानं तपासल्या. बहुतेक ठिकाणी फ्रेमच्या मधोमध पट्टा तुटलेला होता आणि स्क्रिप्टला तो एका क्लस्टरनं अलीकडे-पलीकडे वाटत होता.

दुसरं ते पाचवं प्रकरण पूर्ण उभं राहिलं, आवाजासकट. पहिल्याची अनुक्रमणिका शेपटाकडे असल्यानं वाचली होती. गेलेल्या भागाच्या जागी तेवढीच शून्यं भरली, म्हणजे आकडे सरकले नाहीत आणि शेवटची तीनेक मिनिटं चालू लागली.

पण अण्णांना हवं होतं ते यातल्या एकाही फाइलीत नव्हतं.

शून्य बाइटची फाइल

मनोरा कोसळला तो रेकॉर्डिंगच्या शेवटी, म्हणजे सहाव्या प्रकरणात. दुकानाच्या यादीत पाचच फाइली होत्या. डिरेक्टरी बाइट-बाइट वाचताना सहावी सापडली. नाव होतं, पहिला क्लस्टर होता, आकाराच्या जागी मात्र शून्य. वायर निघाली तेव्हा कॅमेऱ्यानं आकार अजून नोंदवलाच नव्हता. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर शून्य आकाराच्या फाइलीत कशाला डोकं घालेल? त्यानं ती गाळली आणि दुकानदारानं यादी जशी आली तशी मानली. माझा आक्षेप इथे आहे. थोरल्यानं दुकानात सांगितलं होतं की कॅमेरा मध्येच बंद पडला. हे ऐकणाऱ्या माणसानं शेवटची फाइल आधी बघायला हवी.

या फाइलीला अनुक्रमणिका नव्हतीच. कधी लिहिलीच गेली नव्हती, तर परत कुठून आणणार? अशा वेळी त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर केलेली धडधाकट फाइल लागते. व्हिडिओ उलगडायला लागणारी मूळ माहिती, म्हणजे रिझोल्यूशन, कोडेकची मांडणी वगैरे, तिच्यातून उसनी घ्यायची आणि तुटक्या फाइलीतल्या फ्रेम एकामागून एक मोजत नवी अनुक्रमणिका बांधायची. अनट्रंक नावाचं मुक्त साधन हेच करतं. धडधाकट फाइल म्हणून पुन्हा लाटाच उपयोगी पडल्या. धाकट्यानं सेटिंगला हात लावला नव्हता, मोड तोच होता.

अनट्रंकला सरळ इमेज देऊन मात्र चाललं नसतं. त्याला गुंफण कळत नाही. आधी पेड सोडवायचा आणि मग फाइल त्याच्या हवाली करायची. इथे अनुक्रमणिकेचा आधार नसल्यानं फ्रेमच्या लांबीचे आकडे, सेन्सरच्या नोंदी आणि लाटांवरून कळलेली पट्ट्यांची सवय, एवढ्यावरच चालायचं होतं. एलआरव्हीची फ्रेम आकारानं खूप लहान आणि कोडेकही निराळा, त्यामुळे परका पट्टा ओळखू येत होता. आवाजाचा तुकडा किती लांब आहे हे फाइलीत त्याच्यापाशी लिहिलेलं नसतं, ते अनुक्रमणिकेतच असतं. म्हणून आवाज जागोजागी तुटला. तो काढूनच टाकला. मूक व्हिडिओ चार मिनिटांचा निघाला.

शेवटचे काही क्षण त्यातही नाहीत. वीज गेली तेव्हा ते कॅमेऱ्याच्या मेमरीत होते, कार्डापर्यंत पोहोचलेच नव्हते. त्यामुळे लोक धावत येतात तिथे चित्र थांबतं. मनोरा मात्र पूर्ण पडलेला दिसतो.

अण्णा परळला माझ्याकडे आले, सोबत तिसऱ्या थरावरचा तो पोरगाही होता. बाण दाबत एकेक फ्रेम पुढे नेली. तळाच्या डाव्या बाजूला एकाची टाच ओल्या लादीवर मागे सरकते. त्याचा खांदा खाली जातो, वरच्याचा तोल जातो आणि त्यानंतर कुठे तिसऱ्या थरावरचा गुडघा वाकतो. टाच सरकण्यापासून गुडघा वाकेपर्यंत अकरा फ्रेम. सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबानं हे अंतर सेकंदाच्या एक-तृतीयांशाहून थोडं जास्त. उघड्या डोळ्यांना पटांगणात दोन्ही एकाच क्षणी घडल्यासारखं दिसणार, त्यात नवल नाही.

अण्णांनी तेवढाच भाग चार-पाच वेळा पाहिला. मग म्हणाले, “लादी. मी पहिल्या पावसापासून सांगतोय, गोणपाट टाका.” पोरगा काही बोलला नाही. टाच ज्याची सरकली त्याचं नाव अण्णांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही.

देताना अण्णांना पडण्याचा वीसेक सेकंदांचा तुकडा वेगळा करून दिला, मोबाइलवर मावेल असा. मोठ्या फाइली थोरल्याच्या हार्ड डिस्कवर गेल्या, आणि सोबत सगळ्या एलआरव्ही. त्यांचं एक्स्टेन्शन बदलून एमपी४ केलं की त्या कुठल्याही प्लेयरमध्ये चालतात. आकार लहान, त्यामुळे पथकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच फिरल्या. धाकट्याला त्याच्या लाटाही दिल्या. कार्ड परत करताना सांगितलं की आता ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून वापरायला हरकत नाही. इमेज मी महिनाभर ठेवतो, मग पुसतो. हे थोरल्याकडून आधीच लिहून घेतलं होतं, कारण त्यात पथकाच्या पोरांचे चेहरे आहेत आणि ते माझ्याकडे पडून राहायचं कारण नाही.